मर्यादा घरीच ठरवावी

पूर्वी गावात लिलाव असला म्हणजे आधी दवंडी पिटली जाई. ठरल्या वेळी चावडीपुढे माणसे जमत. थोडी घेण्यासाठी आणि बरीचशी पाहण्यासाठी. पुकारणारा वस्तूच्या शेजारी उभा राहून बोली मागे, आणि शेवटची बोली तीनदा उच्चारून 'एक वार, दोन वार, तीन वार' म्हणत व्यवहार पुरा करी. 'लिलाव' हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला. परंतु लिलावात इरेला पेटण्याची खोड मात्र कोणाकडून घ्यावी लागली नाही. ती मनुष्यस्वभावातच आहे. शेजारच्याची बोली कानी पडताच, घरून निघताना मनाशी बांधलेला आकडा विसरून 'आणखी पन्नास!' असे ओरडणारा गृहस्थ प्रत्येक गावाने पाहिलेला आहे.

आता चावडी गेली आणि तिच्या जागी संगणकाचा पडदा आला. 1964 साली स्थापन झालेली एम.एस.टी.सी. ही केंद्र सरकारची कंपनी जुनी यंत्रसामग्री, भंगार आणि इतर अनेक प्रकारचा माल आंतरजालावरील लिलावाने विकते. रेल्वे आपले भंगार याच रीतीने काढते, आणि कर्ज थकल्यामुळे जप्त झालेली वाहने, ट्रॅक्टर व कारखान्यांतील यंत्रे बँकाही अशाच विकतात. परदेशात तर जुन्या यंत्रांचा लिलाव हा स्वतंत्र आणि मोठा धंदा आहे. कॅनडातील रिची ब्रदर्स या पेढीचा पहिला लिलाव 1958 साली झाला; केवळ आंतरजालावर अवजड यंत्रे विकण्यासाठी अमेरिकेत 1999 साली निघालेली आयर्नप्लॅनेट ही कंपनी 2017 मध्ये तिने विकत घेतली. अशा बहुतेक ठिकाणी ग्राहकाला एक सोय दिलेली असते. तिला कोणी 'कमाल बोली' म्हणतात, कोणी 'स्वयंचलित बोली'. या सोयीविषयी आज लिहिण्याचे कारण घरचेच आहे.

माझा भाचा इंदूरला एक लहानसा वर्कशॉप चालवितो. दोन लेथ, एक ड्रिलिंग यंत्र आणि तीन कामगार, एवढाच पसारा. तिसरा लेथ घेतला तर बाहेर पाठवावे लागणारे काम घरात राहील, म्हणून त्याने आणि सूनबाईने मिळून चार लाख रुपये उभे केले. त्यांतील मोठा भाग मुलीच्या पुढील शिक्षणासाठी ठेवलेल्या मुदत ठेवीचा होता. तो मोडताना सूनबाईने एकच अट घातली, की चार लाखांच्या वर एक रुपयाही जाता कामा नये. एका बंद पडलेल्या कारखान्याची यंत्रे लिलावात निघाली होती आणि त्यांत त्याला हवा तसा लेथ होता. लिलावाच्या आठ दिवस आधी त्याचा दूरध्वनी आला.

"मामा, इथे 'कमाल बोली' भरा म्हणून रकाना आहे. त्यात चार लाख भरले, तर चार लाख द्यावेच लागतील का? आणि कमी भरले, तर यंत्र हातचे जाईल. मग भरू तरी काय?"

त्याची भीती साधार होती. गेल्या वर्षी ड्रिलिंग यंत्राच्या लिलावात तो रात्री पडद्यासमोर बसून इरेला पेटला होता. तीनदा आकडा वाढवून यंत्र मिळविले, पण त्यापायी पुढे कित्येक महिने हप्ते भरत बसण्याची वेळ आली. त्याला त्या दिवशी जे समजावून सांगितले, तेच येथे थोड्या विस्ताराने मांडतो. कारण यंत्र लेथ असो, ट्रॅक्टर असो वा पिठाची गिरणी असो, हिशेब तोच आहे.

कमाल बोली म्हणजे वस्तूची किंमत नव्हे. ती आपल्या मुखत्याराला दिलेली आज्ञा आहे. आपण स्वतः लिलावास जाऊ शकत नाही, म्हणून एखाद्या विश्वासू माणसाला पाठविले आणि सांगितले, "दोन लाख ऐंशी हजारांपर्यंत बोल, त्यापुढे गप्प बस, मात्र त्याहून कमीत मिळाले तर कमीतच घे." शहाणा मुखत्यार पहिल्याच हाकेला दोन लाख ऐंशी हजार ओरडणार नाही. समोरचा जेवढे बोलेल, त्याच्यापेक्षा एक पायरी अधिक बोलून तो थांबेल. संगणक नेमके हेच करतो. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव सांगण्याची जुनी चाल वाचकांस ठाऊक असेल. आपली कमाल बोली अशीच रुमालाखाली झाकलेली असते. इतरांना दिसते ती केवळ त्या क्षणीची चालू बोली.

उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. समजा, लेथची सुरुवातीची किंमत दीड लाख रुपये आहे आणि प्रत्येक बोली निदान 5,000 रुपयांनी वाढली पाहिजे, असा नियम आहे. आपण 2,80,000 ही मर्यादा नोंदविली. दुसरे कोणी नसेल, तर पडद्यावर आपली बोली फक्त 1,50,000 दिसेल. इतक्यात दुसऱ्या ग्राहकाने 2,60,000 ही आपली मर्यादा नोंदविली. आता दोघांचे मुखत्यार क्षणार्धात पायरीपायरीने वर चढतील. दुसऱ्याचा मुखत्यार 2,60,000 वर थांबेल, आपला 2,65,000 बोलेल आणि आपण आघाडीवर राहू. पुढे कोणी आलाच नाही, तर लेथ 2,65,000 रुपयांना आपला झाला. वरचे 15,000 आपल्याच खिशात राहिले, आणि आपण एवढे देण्यास तयार होतो हे कोणाला कळलेही नाही. दोघांच्या मर्यादा अगदी सारख्या असल्या, तर बहुतेक ठिकाणी ज्याने आधी नोंदविली त्याचा हक्क मानतात. म्हणून मर्यादा एकदा निश्चित झाली, की ती वेळेवर नोंदविणे बरे.

आता भाच्याचा खरा प्रश्न. मर्यादा मुद्दाम कमी सांगावी, की वाढवून? याचे उत्तर असे, की दोन्हींत तोटाच आहे. समजा, आपल्याला तो लेथ 2,80,000 रुपयांपर्यंतच परवडतो. पण स्वस्तात पडावा या आशेने आपण 2,50,000 च लिहिले. दुसऱ्याची मर्यादा 2,30,000 असेल, तर दोन्ही वेळी आपल्याला तो 2,35,000 लाच मिळेल; कमी लिहून काही वाचले नाही. परंतु दुसऱ्याची मर्यादा 2,60,000 असेल, तर जे यंत्र आपल्याला 2,65,000 ला मिळाले असते, ते हातचे गेले. उलट, कसेही करून मिळवायचेच म्हणून आपण 3,20,000 लिहिले. दुसऱ्याची मर्यादा 2,60,000 असेल, तर किंमत पूर्वीइतकीच, 2,65,000. वाढवून काही लाभ झाला नाही. आणि त्याची मर्यादा 3,00,000 निघाली, तर यंत्र आपल्याला 3,05,000 ला मिळेल, म्हणजे परवडण्यापेक्षा 25,000 अधिक देऊन. तात्पर्य, आपली मर्यादा फक्त एवढेच ठरविते, की यंत्र आपले होणार की नाही. किती द्यावयाचे, हे दुसऱ्याची मर्यादा ठरविते. मग आपली मर्यादा खरी लिहिण्यातच शहाणपण आहे.

हा विचार विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने 1961 साली एका निबंधात शास्त्रशुद्ध रीतीने मांडला. सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याला वस्तू द्यावी, पण किंमत मात्र दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकी घ्यावी. म्हणजे प्रत्येकाला आपल्या मनातली खरी किंमत सांगणेच हितकारक ठरते, असे त्याचे प्रतिपादन होते. त्याला 1996 साली नोबेल पारितोषिक जाहीर झाले, आणि अवघ्या तीन दिवसांनी त्याचे निधन झाले. परंतु व्यवहारातले लोक पंडितांच्याही पुढे होते. अमेरिकेतील टपाल तिकिटांच्या लिलावांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच परगावचे संग्राहक पत्राने आपली मर्यादा कळवीत, आणि विकणारा त्यांच्या वतीने बोली लावून त्यांना दुसऱ्या बोलीच्या जरा वरच्या भावात तिकिटे देई. 1995 साली निघालेल्या ईबे या संकेतस्थळाने हीच रीत संगणकावर चालविली आणि तिचा प्रसार जगभर झाला.

ही रीत एका गोष्टीवर उभी आहे. रुमालाखालचा आकडा रुमालाखालीच राहिला पाहिजे. जर्मन महाकवी गोएटे याची गोष्ट या बाबतीत बोधप्रद आहे. 1797 साली आपले 'हेर्मान उंड डोरोथिया' हे काव्य फीवेग नावाच्या प्रकाशकाला देताना त्याने आपली किंमत एका चिठ्ठीत लिहून, ती मोहोरबंद करून ब्योटिगर या मध्यस्थाच्या हाती ठेवली. प्रकाशकाची बोली चिठ्ठीतल्या आकड्याहून कमी असेल तर व्यवहार मोडला. अधिक असेल तर प्रकाशकाने चिठ्ठीतला आकडाच द्यावा, असा करार होता. चिठ्ठीत 1000 थालर लिहिले होते, आणि प्रकाशकाची बोलीही बरोबर 1000 थालर आली! मध्यस्थाने चिठ्ठीतले रहस्य फोडले असावे, असा संशोधकांचा तर्क आहे. बोध एवढाच, की लिलाव कोण चालवितो, त्याची पत काय, विक्रेत्याला आपली मर्यादा कळण्याची शक्यता आहे काय, हे पाहिल्यावाचून आकडा भरू नये. विक्रेत्याने आपलाच माणूस खोटा ग्राहक म्हणून बसवून बोली चढविली, तर आपला प्रामाणिक मुखत्यार बिचारा मर्यादेपर्यंत चढत जाईल. तरीही ती मर्यादा विचारपूर्वक ठरविलेली असेल, तर नुकसान आपल्या ऐपतीबाहेर जाणार नाही, हे समाधान उरते.

तेव्हा सारा भार येऊन पडतो तो मर्यादा ठरविण्यावर, आणि येथेच बहुतेक कुटुंबे चुकतात. आमच्या भाच्याने चार लाख जमविले म्हणून चार लाख भरण्याची तयारी केली होती. मी त्याला पाटी-पेन्सिल घ्यावयास सांगितले. लिलावातली किंमत म्हणजे यंत्राची घरपोच किंमत नव्हे. यंत्र जेथे आहे तेथून आणि जसे आहे तसे उचलावे लागते. क्रेन आणि ट्रक यांचे भाडे त्याने 25,000 धरले. बेडचे ग्राइंडिंग, काही गिअर आणि इतर दुरुस्ती यांस 30,000. पाया आणि वीजजोडणी 10,000. असे 65,000 रुपये बोलीच्या बाहेरचेच निघाले. चार लाखांतून ते वजा केले, की उरले 3,35,000. यांतूनच वस्तू व सेवा कर द्यावयाचा; तो 18 टक्के धरला, तर बोलीसाठी उरतात जेमतेम 2,83,800 रुपये. नोंदणी असलेल्या धंद्याला या कराची वजावट पुढे मिळू शकते. पण यंत्र उचलताना रोख पैसा मोजावाच लागतो. काही खासगी लिलावांत किमतीवर ग्राहकाकडून वेगळे शुल्कही घेतात. येथे ते नव्हते. पायरी 5,000 ची असल्यामुळे मर्यादा ठरली 2,80,000. त्यावर कर धरून 3,30,400 आणि वरचा खर्च मिळवून एकूण 3,95,400. सूनबाईची अट पाळली गेली.

हाच हिशेब न करता त्याने चार लाख भरले असते आणि दुसरा कोणी 3,60,000 पर्यंत चढला असता, तर लेथ त्याला 3,65,000 ला पडला असता. करासह 4,30,700 आणि बाकीचा खर्च धरून 4,95,700 रुपये! म्हणजे जवळ नसलेले 95,700 रुपये. बोली मान्य झाल्यावर माघार घेतली, तर सामान्यतः बयाण्याची रक्कम जप्त होते. आणि बयाणा वाचवावा म्हणून माणूस कर्ज काढतो. लिलावातले पुष्कळ कर्ज असे गरजेपोटी नव्हे, तर लाजेपोटी होते.

मर्यादा ठरविण्यापूर्वी यंत्र प्रत्यक्ष पाहणे अवश्य आहे. लिलावाच्या सूचनेत पाहणीचे दिवस दिलेले असतात. त्या दिवशी जाणत्या मिस्त्रीला बरोबर न्यावे. बेड कोठे झिजला आहे, स्पिंडल ढिले आहे काय, चक नीट बसते काय, गिअरचे दात शाबूत आहेत काय, हे छायाचित्रावरून कळत नाही. 1971 साली तिघा अमेरिकी पेट्रोलियम अभियंत्यांनी तेलक्षेत्रांच्या लिलावांविषयी एक मार्मिक गोष्ट दाखवून दिली. भूगर्भात तेल किती आहे हे नक्की कोणासच ठाऊक नसते. प्रत्येकजण अंदाज करतो, आणि ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला, तोच लिलाव जिंकतो. जुन्या यंत्राचेही तसेच आहे. दहाजणांनी सोडलेली वस्तू आपल्याला मिळाली, तर आपण सर्वांत चतुर ठरलो, की सर्वांत भोळे, हे आधीच स्वतःला विचारलेले बरे. पाहणी जितकी कच्ची, तितकी मर्यादा खाली ठेवावी.

आणखी काही गोष्टी लहान दिसतात, पण घात करतात. आकडा भरताना एक शून्य जास्त पडले, तर उघड्या बोलीत ती चूक तत्काळ दिसते. कमाल बोलीत ती झाकलेलीच राहते. 2,80,000 ऐवजी 28,00,000 लिहिले गेले, तरी पडद्यावर बोली दीड लाखच दिसेल, आणि दुसरा ग्राहक चढू लागेपर्यंत आपल्याला चुकीचा पत्ता लागणार नाही. म्हणून आकडा दुसऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्यावा. यंत्र एकच हवे असताना दोन लेथांवर एकाच वेळी मर्यादा नोंदवू नये. दोन्ही मिळाले, तर दोन्ही घ्यावे लागतील. विक्रेत्याने राखीव किंमत ठेवली असेल, तर काही ठिकाणी प्रतिस्पर्धी नसतानाही आपली बोली त्या किमतीपर्यंत आपोआप चढते. आपली मर्यादा तेथवर पोहोचत नसेल, तर बोली सर्वांत मोठी असूनही यंत्र मिळत नाही. प्रत्येक ठिकाणचे नियम थोडे निराळे असतात, म्हणून ते आधी वाचून काढावेत. कंटाळवाणे असले तरी.

शेवटी वेळेची गोष्ट. ईबेवर लिलाव ठरल्या क्षणी संपतो, म्हणून तेथे पुष्कळ लोक शेवटच्या काही सेकंदांत बोली टाकतात. पूर्वी ॲमेझॉनवर लिलाव चालत, तेव्हा शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की मुदत वाढे. रॉथ आणि ओकेनफेल्स या दोघा अभ्यासकांनी 2002 साली दाखविले, की मुदत वाढते तेथे शेवटच्या घाईच्या बोली बऱ्याच कमी असतात. आपल्याकडील यंत्रांच्या लिलावांतही अखेरच्या काही मिनिटांत बोली आल्यास मुदत वाढविण्याची पद्धत रूढ आहे. तेव्हा चोरपावलांनी शेवटी येण्याने काही साधत नाही. मात्र वाढलेल्या प्रत्येक मुदतीबरोबर 'आपली मर्यादा ओलांडली गेली आहे' ही सूचना पडद्यावर चमकते, आणि मन म्हणते, 'पाच हजारांनी काय होते?' पाच हजारांनी काही होत नाही. पण पाच हजारांच्या वीस पायऱ्या म्हणजे एक लाख, आणि प्रत्येक पायरीवर मन हेच म्हणते. कमाल बोलीचा खरा उपयोग वेळ वाचविण्याचा नाही. शांत मनाने घेतलेला निर्णय तापलेल्या मनाच्या हाती न देणे, हा तिचा खरा उपयोग आहे.

भाच्याने माझे ऐकले. त्याने आणि सूनबाईने 2,80,000 हा आकडा कागदावर लिहिला, दोघांनी खाली सह्या केल्या, आणि तो कागद देवघरात ठेवून दिला. लिलावाच्या दिवशी सकाळी मर्यादा नोंदवून तो कामाला लागला. संध्याकाळी त्याचा दूरध्वनी आला.

"मामा, लेथ गेला. तीन लाख दहा हजारांवर थांबला."

"वाईट वाटले का रे?"

"थोडे वाटले. पण ही म्हणते, गेला तो लेथ. ठेव तर घरात आहे."

सूनबाई योग्य तेच बोलली. तीन लाख दहा हजारांना तो लेथ त्यांच्या घरी आला असता, तर कर आणि बाकीचा खर्च मिळून 4,30,800 रुपये लागले असते. म्हणजे यंत्र मिळाले असते आणि मुलीच्या शिक्षणाच्या वेळी 30,800 रुपयांचे नवे कर्ज डोक्यावर असते. मर्यादेवर हरणे ही हार नव्हे. मर्यादेने आपले काम चोख केले, एवढाच तिचा अर्थ. पुढच्या महिन्यात दुसऱ्या एका कारखान्याची यंत्रे निघणार आहेत. त्याची पाहणी व्हायची आहे, हिशेब पुन्हा मांडायचा आहे, आणि देवघरातल्या कागदावर कदाचित नवा आकडा येईल. तो आकडा देवघरात ठरेल, पडद्यासमोर नव्हे, एवढी काळजी प्रत्येक कुटुंबाने घेतली, तर संगणक हा मोठा गुणी मुखत्यार आहे. तो इरेला पेटत नाही, लाजत नाही आणि सांगितल्याहून एक पैसाही अधिक बोलत नाही. त्याला काय सांगायचे, हे मात्र आपण घरीच ठरवायचे असते.